गुंडाळतां येणारी सावली

भर उन्हाळ्यांत शहरांतील एखाद्या घराच्या गच्चीवर दोन कारागीर शिडी लावून काम करीत असतात. भिंतीला लोखंडी आधार जखडून त्यांवर एक लांबट पेटी बसविलेली असते. काम संपतें, घरांतील कोणी कळ दाबतो आणि पेटींतून पट्ट्यापट्ट्यांचें कापड हळूहळू बाहेर येऊं लागतें. कोपरांत दुमडलेले दोन लोखंडी बाहू उलगडतात, कापडाच्या टोकाची आडवी पट्टी पुढें सरकते आणि पाहतां पाहतां तापलेल्या फरशीवर सावली पडते. घरची मंडळी खूष होतात. कारागीर मात्र अजून खूष नसतो. तो कापड आंत घेतो, बाहेर काढतो, पुन्हां आंत घेतो. दोन्ही टोकांस तें नेमक्या जागीं थांबतें कीं नाहीं हें पाहतो. शेवटीं ती आडवी पट्टी हातांत धरून तो गदागदा हालवितो. हिसके जाणवतांच यंत्र कोणाच्याहि हुकुमाची वाट न पाहतां कापड गुंडाळूं लागतें, आणि तेव्हां कोठें कारागीर समाधानानें हात पुसतो.

पाहणाऱ्याला ही परीक्षा उलटी वाटते. पैसे मोजले ते सावली मिळावी म्हणून, आणि पारख होते ती सावली नाहींशी होण्याची! परंतु त्या कारागिराचें बरोबर आहे. कापड ताणून सावली पाडणें कोणासहि साधतें; ती वेळेवर मागें घेणें ही खरी विद्या. ही विद्या सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं रोम शहरांत फार मोठ्या प्रमाणावर साधली होती. पुढें ती हरवली, आणि विसाव्या शतकांत ती एका हातभर नळीच्या पोटांत येऊन बसली. त्या प्रवासाची ही हकीकत आहे.

आपल्याकडील मांडव आणि हें गुंडाळतें छत यांत मोठा भेद आहे. लग्नाचा मांडव एकदां घातला म्हणजे कार्य उरकेपर्यंत उभा राहतो. त्याला रोजची उघडमीट नाहीं. गुंडाळत्या छताचें जवळचें नातें मांडवाशीं नसून गलबताशीं आहे. लॅटिन भाषेंत 'वेलुम' या एकाच शब्दानें शीड, पडदा आणि उन्हासाठीं ताणलेलें छत या तिन्ही वस्तूंचा बोध होतो. 'वेला' हें त्याचें अनेकवचन. इंग्रज लोकांनीं १६०७ सालीं अमेरिकेच्या किनाऱ्यावर जेम्सटाउन ही वसाहत वसविली, तेव्हां त्यांचें पहिलें प्रार्थनास्थान म्हणजे तीनचार झाडांना बांधलेलें एक जुनें शीड होतें, असें कॅप्टन जॉन स्मिथ यानें १६३१ सालच्या आपल्या पुस्तकांत नमूद केलें आहे. त्या शिडाला त्यानें दिलेलें नांव म्हणजे घरावरील कापडी छताला आज इंग्रजींत जो शब्द आहे तोच.

शीड आणि छत हीं एकाच जातीचीं कां, हें थोड्या गणितानें समजतें. चार मीटर रुंद आणि तीन मीटर पुढें आलेल्या कापडाचें क्षेत्रफळ बारा चौरस मीटर होतें. ताशीं वीस किलोमीटर वेगाची झुळूक त्यावर समोरून काटकोनांत आदळली, तर सुमारें बावीस किलोग्रॅम वजनाइतका दाब पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. म्हणजे ताशीं चाळीस किलोमीटरला तो नव्वद किलोग्रॅमच्या आसपास जातो. गलबताला हा दाब पुढें नेतो. घर कांहीं पुढें जात नाहीं. म्हणून तो सारा भार भिंतींतील खिळ्यांवर येतो. 'वारा येईल तशी पाठ द्यावी' ही म्हण माणसांच्या बाबतींत निंदेची असेल, छताच्या बाबतींत ती शहाणपणाची आहे.

रोममध्यें नाट्यगृहावर पहिलें छत कोणीं घातलें, हें थोरल्या प्लिनीनें आपल्या 'निसर्गेतिहास' या ग्रंथांत लिहून ठेवलें आहे. कॅपिटोल टेकडीवरील जुपिटरचें देवालय इ. स. पू. ८३ मध्यें जळालें होतें. तें पुन्हां उभारून क्विंटस कातुलुस यानें इ. स. पू. ६९ मध्यें त्याचा अर्पणविधि केला, आणि त्या उत्सवांत प्रेक्षकांच्या डोक्यावर कापड ताणलें. ही कल्पना दक्षिणेकडील कांपानिया प्रांतांतील सुखवस्तु लोकांकडून उचललेली होती. त्यामुळें जुन्या वळणाच्या रोमन गृहस्थांनीं तीस चैन म्हणून नांवें ठेवलीं. उन्हांत बसून खेळ पाहणें हा त्यांच्या दृष्टीनें पुरुषार्थ होता.

कातुलुसच्या मागोमाग लेंटुलुस स्पिंथर यानें 'कार्बासुस' नांवाच्या तलम कापडाचें छत घातलें. हें नांव मराठी माणसानें दोन क्षण थांबून ऐकण्यासारखें आहे. संस्कृत 'कार्पास', त्यावरून ग्रीक 'कार्पासोस', आणि त्यावरून हा लॅटिन शब्द, अशी त्याची वंशावळ भाषापंडित सांगतात. प्लिनीच्या लिहिण्यांत त्याचा अर्थ बारीक तागाचें कापड असा झालेला असला, तरी नांव मुळांत आपल्या कापसाचें आहे.

त्याच काळांत लुक्रेशियस हा कवि होऊन गेला. पदार्थांचे रंग डोळ्यांपर्यंत कसे येतात याची चर्चा करतांना त्यानें नाट्यगृहावरील पिवळ्या, तांबड्या आणि जांभळ्या छतांचा दाखला दिला आहे. छतांतून गाळून आलेल्या उजेडानें खालीं बसलेली सारी सभा, रंगभूमि आणि प्रतिष्ठित मंडळींचीं वस्त्रें त्या त्या रंगांत न्हाऊन निघतात, असें तो म्हणतो. मेघगर्जनेचें वर्णन करतांनाहि त्याला वाऱ्यानें फडफडणारें हेंच छत आठवलें. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत दोनदां दाखल्याला यावी, इतकी ही वस्तु तेव्हां रोमकरांच्या परिचयाची झाली होती.

यानंतर छतांचा विस्तार वाढत गेला. इ. स. पू. ४६ मध्यें ज्यूलियस सीझरनें आपल्या विजयोत्सवांत रोमचा मुख्य चौक, म्हणजे फोरम, सबंध झांकून टाकला. आपल्या घरापासून कॅपिटोलच्या चढापर्यंतचा पवित्र मार्गहि त्यानें छताखालीं घेतला. मल्लांच्या झुंजींपेक्षां लोकांना या छताचेंच नवल अधिक वाटलें, असें प्लिनी सांगतो. तें कापड रेशमी होतें, अशीहि एक परंपरा दिओ कासिउस या इतिहासकारानें नोंदविली आहे.

परंतु या साऱ्या हकीकतींत मनाला चटका लावणारें नांव सीझरचें नाहीं, मार्सेलुसचें आहे. हा सम्राट् ऑगस्टसच्या बहिणीचा, ऑक्टेव्हियाचा मुलगा. इ. स. पू. २३ मध्यें, एकोणीस वर्षांच्या आंतबाहेर वय असतांना, तो नगराच्या व्यवस्थेचा अधिकारी झाला. त्यानें ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या तारखेपासून फोरमवर छतें ताणविलीं; आणि तीं कोणत्याहि खेळासाठीं नव्हतीं. फोरममध्यें न्यायसभा भरत. दाव्यांसाठीं आलेले लोक तासन् तास उन्हांत उभे असत. त्यांच्या प्रकृतीला अपाय होऊं नये, एवढाच त्याचा हेतु. प्लिनीला येथें जुन्या केटोची आठवण होते. लोकांनीं कोर्टकचेरीची संवय लावून घेऊं नये म्हणून फोरममध्यें टोंचणारे दगड बसवावे, असें त्या करड्या गृहस्थाचें मत होतें! एकानें वाट पाहणाऱ्यांच्या पायांखालीं कांटे घालावयाचें मनांत आणलें, दुसऱ्यानें त्यांच्या डोक्यावर सावली धरली. तो तरुण त्याच वर्षीं मरण पावला. त्याच्या नांवाचें नाट्यगृह ऑगस्टसनें बांधविलें; त्याचे अवशेष रोममध्यें आजहि उभे आहेत.

सावली घरांतहि आली होती. रोमन घराच्या मध्यभागीं उघडा चौक असे, आपल्या जुन्या वाड्यांतल्यासारखा. त्या चौकांवर तांबडीं कापडें ताणलेलीं असत आणि तीं खालच्या शेवाळाचें उन्हापासून रक्षण करीत, असें प्लिनी लिहितो. घरगुती छताचा इतका जुना उल्लेख क्वचित् सांपडेल. त्याच ठिकाणीं नीरो बादशहाच्या छतांचें वर्णन आहे: आकाशाच्या रंगाचीं, ताऱ्यांनीं जडविलेलीं, आणि दोरांवरून सरकणारीं. इ. स. ६६ मध्यें आर्मेनियाचा राजा तिरिदातीस रोमला आला, तेव्हांच्या जांभळ्या छताच्या मधोमध रथ हांकणाऱ्या खुद्द नीरोचें चित्र भरलेलें होतें. प्रजेनें मान वर केली कीं आकाशाच्या जागीं बादशहा दिसावा, ही त्यांतली योजना.

'दोरांवरून सरकणारीं' हे प्लिनीचे शब्द महत्त्वाचे आहेत. छत कायमचें बांधलेलें नव्हतें. तें ओढतां येत होतें आणि मागें घेतां येत होतें. प्लिनीला दोर आणि शिडें यांची माहिती पुस्तकी नव्हती. नेपल्सच्या आखाताच्या तोंडाशीं असलेल्या मिसेनुम येथील आरमाराचा तो अधिपति होता, आणि इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हां तिकडे गलबतें घेऊन गेला असतांना त्याला मृत्यु आला. पुढच्याच वर्षीं, इ. स. ८० मध्यें, टायटस बादशहानें रोमचें महारंगण खुलें केलें. त्यालाच आज कोलोसियम म्हणतात.

या इमारतीचा विस्तार ध्यानीं घेतल्याशिवाय तिच्या छताची कल्पना येणार नाहीं. तिचें बैठें अंडाकृति आहे. लांबी सुमारें १८८ मीटर, रुंदी १५६ मीटर आणि उंची पन्नास मीटरांच्या जवळपास. सर्वांत वरच्या मजल्याच्या बाहेरील अंगास भिंतींतून पुढें आलेले २४० दगडी हात होते. प्रत्येक हातावर एक डोलकाठी टेकत असे आणि वरच्या कंगणीला पाडलेल्या भोंकांतून ती सरळ वर जाई. म्हणजे शहराच्या मध्यभागीं २४० डोलकाठ्यांचें एक न हालणारें गलबत उभें होतें. तें चालविण्यासाठीं माणसेंहि तशींच लागत. हें काम आरमाराच्या खलाशांकडे असे, आणि मिसेनुमच्या खलाशांची छावणी या रंगणापासून जवळच होती. दोर केव्हां सैल सोडावा, केव्हां आवळावा आणि ढग दिसतांच कापड किती झपाट्यानें उतरावें, हें ज्यांच्या हाडीमांसीं खिळलेलें आहे, अशांच्याच हातीं तें सोंपविणें भाग होतें.

इतकें असूनहि वाऱ्यापुढें त्यांचा इलाज चालत नसे. मार्शल या विनोदी कवीच्या एका छोट्या पद्यांत नाट्यगृहाला जातांना टोपी घेऊन जाण्याची गोष्ट आहे. कारण वारा सुटला म्हणजे छत मिळत नाहीं. पाँपेई शहरांत भिंतींवर रंगविलेल्या खेळांच्या जाहिराती सांपडल्या आहेत. त्यांत मल्लांच्या जोड्यांची संख्या असते, यजमानाचें नांव असतें, आणि कित्येकांच्या शेवटीं 'वेला एरुंत', म्हणजे 'छतें असतील', हे दोन शब्द असतात. गर्दी खेंचण्यास मल्लांइतकीच सावलीहि उपयोगी पडे! त्याच शहरांतील एका भिंतीवर इ. स. ५९ मध्यें रंगणांत झालेल्या दंग्याचें चित्र होतें; तें आतां नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. पाँपेई आणि नुकेरिया या दोन गांवांचे प्रेक्षक एकमेकांच्या जिवावर उठले आहेत, आणि रंगणाच्या एका बाजूवर छत तसेंच ताणलेलें आहे, असें तें दृश्य. सावलींत बसल्यानें माथीं थंड राहतात असें नव्हे.

येथपर्यंत सावली देणाऱ्यांची कथा झाली. तिची दुसरी बाजू सुइटोनियस या चरित्रकारानें सांगितली आहे. इ. स. ३७ ते ४१ या काळांत राज्य केलेला कॅलिग्युला कधीं कधीं मल्लयुद्ध ऐन रंगांत असतां, ऊन अगदीं कडक तापलेलें पाहून, छतें मागें घेण्याचा हुकूम सोडी आणि कोणालाहि बाहेर जाऊं देऊं नये अशी ताकीद देई. ज्या दोरांनीं सावली येत होती, त्याच दोरांनीं ती हिरावली गेली. यंत्रांत दोष नव्हता, खलाशी चुकले नव्हते. छत अगदीं बिनचूक मागें गेलें. हुकूम तेवढा दुष्ट होता. इ. स. १८० ते १९२ मध्यें राज्य केलेल्या कोमोडस बादशहानें तर, प्रेक्षक आपली थट्टा करतात अशा संशयावरून, छत सांभाळणाऱ्या खलाशांनाच प्रेक्षकांची कत्तल करण्याची आज्ञा दिली होती, अशी कथा बादशहांच्या एका जुन्या चरित्रग्रंथांत आहे.

मराठी भाषेला हें वेगळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. वडील वारले म्हणजे डोक्यावरचें छत्र हरपलें असें आपण म्हणतों. इ. स. १६७४ मध्यें रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला आणि त्यांनीं 'छत्रपति' हें पद धारण केलें. सावली धरणें आणि सत्ता चालविणें या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच शब्दांत सामावलेल्या आहेत. फरक इतकाच कीं, छत्र हें राजाच्या मस्तकावर धरलें जातें, आणि मार्सेलुसचें छत अनोळखी पक्षकारांच्या मस्तकावर होतें.

साम्राज्य लयाला गेलें, खेळ बंद पडले आणि छतांची विद्याहि लोपली. २४० डोलकाठ्यांवरून दोर कसे नेले होते, कापड एकसंध होतें कीं पट्ट्यांचें, तें मध्यापर्यंत पोंचे कीं कांठावरच थांबे, याचें सविस्तर वर्णन कोणाहि प्राचीन ग्रंथकारानें मागें ठेवलेलें नाहीं. सर्वांना माहीत असलेली गोष्ट कोणी लिहून ठेवीत नाहीं, आणि म्हणून तीच प्रथम नाहींशी होते. कोलोसियमच्या बाहेर फरसबंदीच्या कडेला पांच दगडी खुंट शिल्लक आहेत. ते दोर गुंडाळण्याच्या रहाटांसाठीं होते असें कांहीं पंडित म्हणतात. गर्दी आवरण्याच्या कुंपणाचे ते खांब होते असें दुसरे म्हणतात. राइनर ग्रेफे या जर्मन संशोधकानें १९७९ सालीं रोमन छतांवर एक ग्रंथच लिहिला आणि त्याला पाँपेईच्या जाहिरातींतील त्या दोन शब्दांचेंच नांव दिलें. १९८२ सालीं नॉर्मा गोल्डमन या अमेरिकन विदुषींनीं कोलोसियमच्या छताची आपली मांडणी प्रसिद्ध केली. पुढें त्याच शतकाच्या अखेरच्या दशकांत स्पेनमधील बार्काररोता येथील बैलझुंजींच्या रंगणावर खऱ्याच डोलकाठ्या, दोर आणि कापड घेऊन, टेलिव्हिजनवरील एका कार्यक्रमासाठीं, अशा छतांचा प्रयोग करून पाहण्यांत आला. दोन हजार वर्षांपूर्वीं शहरोशहरीं नित्य चाललेलें काम पुन्हां शिकण्यासाठीं विद्वानांस असा खटाटोप करावा लागला.

घरांच्या आणि दुकानांच्या छताचा अर्वाचीन इतिहास पुन्हां गलबतांपासूनच सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील शहरांत दुकानांपुढें पदपथाच्या कडेला लांकडी किंवा लोखंडी खांब रोवून त्यांवर जाड सुती कापड टाकीत. आगबोटी वाढल्या, शिडांची गरज घटली, तसें शिडांचें कापड विणणारे आणि शिवणारे कारागीर तंबू व छतें यांच्या धंद्याकडे वळले. समुद्रावरून उतरलेलें शीड दुकानावर चढलें, असें म्हटलें तरी चालेल. उत्तरार्धांत बिजागरीच्या लोखंडी चौकटी आल्या. दोरी ओढली कीं कापड भिंतीशीं मिटे. शतकाच्या अखेरीस रूळ आला. कापड लांकडी किंवा लोखंडी रुळावर गुंडाळावयाचें आणि रूळ दंतचक्रें व हातदांड्यानें फिरवावयाचा. रोममध्यें ज्यासाठीं खलाशांची पलटण लागे, तें काम दुकानांतला पोऱ्या सकाळीं झाडलोट करतां करतां करूं लागला.

सुती कापड मात्र फार दिवस टिकत नसे. तें विटे, ओलीनें त्यावर बुरशी चढे. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासस्थानाची, व्हाइट हाऊसची, दक्षिणेकडील उंच खांबांची पडवीहि उन्हाळ्यांत अशाच कापडी छतांनीं झांकीत. १९४८ सालीं हॅरी ट्रूमन यांनीं तेथें दुसऱ्या मजल्याशीं सज्जा बांधविला. त्यावर पुष्कळ टीका झाली. पण सज्जाच्या सावलीमुळें हीं मळकट कापडें लावण्याचें कारण उरणार नाहीं, हा त्यांचा एक मुद्दा होता. पुढें खोल्या थंड करणारीं यंत्रें स्वस्त झालीं आणि अनेक घरांवरील छतें उतरलीं. १९६० नंतर ॲक्रिलिक धाग्याचें कापड आलें. त्याचा रंग धागा होण्यापूर्वींच मूळ द्रवांत मिसळलेला असतो, म्हणून उन्हानें लवकर उडत नाहीं. छतें पुन्हां घरांवर दिसूं लागलीं.

आतां राहिला प्रश्न हाताचा. फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं, आर्व्ह नदीच्या खोऱ्यांत क्लूझ नांवाचें एक लहान गांव आहे. घड्याळांचे सुटे भाग करणें हा तेथील जुना धंदा. १८४८ सालीं, तो मुलूख अद्याप सार्डिनियाच्या राज्यांत असतांना, तेथें घड्याळाचें काम शिकविणारी सरकारी शाळा निघाली. १८६० सालीं गांव फ्रान्सकडे आलें. बारीक दंतचक्रें कापणाऱ्यांच्या याच गांवांत १९६९ सालीं सोम्फी ही कंपनी स्थापन झाली, आणि छतांच्या व झडपांच्या रुळांत बसणाऱ्या नळीसारख्या विजेच्या मोटारी करण्यांत तिनें नांव मिळविलें. ज्यांनीं घड्याळाच्या डबींत काळ बसविला, त्यांच्याच गांवांत रुळाच्या नळींत खलाशी बसविण्याचा उद्योग भरभराटला.

ही रचना समजण्यास कठीण नाहीं. कापड ज्या पोकळ रुळावर गुंडाळलेलें असतें, त्याच्या पोटांतच मोटार असते. मोटार फार वेगानें फिरते, म्हणून सूर्याभोंवतीं ग्रह फिरावे तशी मांडलेली दंतचक्रें तिचा वेग कमी करून जोर वाढवितात. वीज गेली तरी रूळ आपोआप उलगडूं नये म्हणून एक अटकाव असतो. आणि कापड दोन्ही टोकांस कोठें थांबावें हें ठरविणारी दुसरी योजना असते. गंमत अशी कीं, कापड बाहेर ढकलण्याचें काम मोटार करीतच नाहीं. तें काम बाहूंतील ताणलेल्या स्प्रिंगा करतात. मोटार फक्त कापड सोडीत जाते. कापड आंत घेतांना मात्र मोटारीला त्या स्प्रिंगांशीं झगडावें लागतें. म्हणजे सावली पसरण्यास नुसती ढील पुरते, खरी शक्ति खर्च होते ती सावली आवरण्यांत. त्या कारागिराची परीक्षा उलटी नाहीं, ती येथें सिद्ध होते.

तो कारागीर काय काय पाहतो, हें आतां कळेल. आधार गिलाव्यांत नव्हे, पक्क्या काँक्रीटांत किंवा भरीव विटांत बसले आहेत कीं नाहींत. कारण बाहू तीन मीटर पुढें आले म्हणजे ते पहारीसारखे भिंत उचकटूं पाहतात. दोन्ही बाहू एका पातळींत आहेत ना. कापडाला पुरेसा उतार आहे ना, नाहींतर पावसाचें पाणी सांचून झोळी होईल. आणि शेवटीं वाऱ्याची खूण. युरोपांत या छतांचे वाऱ्याच्या मानानें वर्ग पाडलेले आहेत. पहिल्या वर्गाचें छत ताशीं २८ किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यांत, दुसऱ्याचें ३८ च्या आंतील आणि तिसऱ्याचें ४९ च्या आंतील वाऱ्यांत उघडें राहण्यास योग्य मानतात. त्यापलीकडे तें गुंडाळलेंच पाहिजे. आडव्या पट्टींत बसविलेली बारीकशी खूण तिचे हिसके ओळखते आणि मोटारीला इशारा देते. ढग पाहून दोराला हात घालणारा मिसेनुमचा खलाशी तो हाच. त्याला पगार नाहीं, छावणी नाहीं आणि कॅलिग्युलाचा हुकूमहि नाहीं.

तरीहि 'आपला हात जगन्नाथ' हें विसरून चालत नाहीं. मुंबईच्या किनाऱ्यावर मृगाचा पहिला सोसाट्याचा वारा येतो, तेव्हां वीज गेलेली असण्याचा संभव पुष्कळ. म्हणून हातदांडा जोडण्याची सोय असलेली मोटार घ्यावी, आणि तो दांडा दाराच्या मागें सांपडेल असा टांगून ठेवावा. तो कोठें आहे आणि कसा फिरवावा, हें घरांतील एकट्या कर्त्या पुरुषालाच नव्हे, सर्वांस माहीत असावें. कोलोसियमची विद्या अशीच 'सर्वांना ठाऊक आहे' म्हणून कोणी सांगितली नाहीं, आणि बुडाली.

आणि सावली पसरलीच आहे, तर तिच्या खालीं कोण उभें आहे हेंहि पाहावें. नीरोच्या छतावरील तारे विझले, सीझरचें रेशीम कुजून गेलें. चौकांत ताटकळणाऱ्या पक्षकारांवर एका तरुणानें धरलेलें साधें कापड प्लिनीच्या दोन ओळींत अजून ताणलेलें आहे. भर दुपारीं दाराशीं पत्र घेऊन आलेल्या माणसाला, भाजीची पाटी उतरून घाम पुसणाऱ्या बाईला पांच मिनिटें त्या छताखालीं टेकूं दिलें, तर कळ दाबण्याचे श्रम कांहीं वाढत नाहींत.